बेळगाव ते पुणे बिऱ्हाड हलवायचंय: तीन पॅकर्स, तीन कोटेशनं, १७,८०० ते ३५,९९०. फरक नेमका कशाचा?

टिळकवाडी_दुसरा_मजला

मेच्या शेवटच्या आठवड्यात टिळकवाडीतून पुण्यात धायरीला बिऱ्हाड हलवायचं आहे. इथे दुसरा मजला, लिफ्ट नाही, जिना अरुंद. मोठी गाडी दारापर्यंत येत नाही, कोपऱ्यावर थांबते. तिकडे पाचवा मजला, लिफ्ट आहे.

सामान: लोखंडी कपाट १, स्टोरेजवाला डबल बेड आणि गादी, डबल डोअर फ्रिज, टॉप लोड वॉशिंग मशीन, ४३ इंची टीव्ही, सोफा ३+१+१, डायनिंग टेबल आणि चार खुर्च्या, देव्हारा, लिहायचं टेबल, इन्व्हर्टर-बॅटरी, स्कूटर. भांडी, पुस्तकं, कपडे धरून ३०-३५ खोकी होतील.

तिघांनी दर दिलेत.

पहिला: फोनवर विचारपूस केली आणि व्हॉट्सॲपवर एक ओळ पाठवली, "टू बीएचके, १४ फुटी गाडी, १९,००० फायनल."

दुसरा: माणूस घरी येऊन बघून गेला. पॅकिंग साहित्य-मजुरी ६,०००, लोडिंग २,५००, वाहतूक (१७ फुटी) १५,०००, अनलोडिंग २,५००, इन्शुरन्स १,५०,००० वर ३ टक्के म्हणजे ४,५००, वर जीएसटी १८ टक्के ५,४९०. एकूण ३५,९९०.

तिसरा: शेअरिंग गाडी, म्हणजे इतरांच्या सामानाबरोबर. ४०० सीएफटी × ३२ रुपये म्हणजे १२,८००, पॅकिंग ५,०००, एकूण १७,८००. खाली बारीक अक्षरात, "जादा माल प्रत्यक्षाप्रमाणे, ४५ रु. दराने."

दुसऱ्याला नकार देऊन पहिल्याला ॲडव्हान्स द्यावा असं घरात चाललंय. ध्यानात घ्यायच्या गोष्टी कोणत्या?

आयशर_केए२२

ताई, ही तीन कोटेशनं तीन वेगळ्या मालाची आहेत. आकडे शेजारी ठेवून काही कळणार नाही. आधी तुमचं सामान किती सीएफटी, म्हणजे घनफूट भरतं ते स्वतः काढा. गाडी, माणसं, साहित्य सगळं त्यावरून ठरतं. "टू बीएचके" हे माप नव्हे. एका टू बीएचकेत ३०० घनफूट निघतं, दुसऱ्यात ७००.

टेप घ्या आणि प्रत्येक वस्तूची लांबी, रुंदी, उंची फुटात घेऊन गुणाकार करा. गुंडाळल्यावर वस्तू फुगते, म्हणून प्रत्येक बाजूला इंच-दोन इंच जादा धरा. तुमच्या यादीवरून ढोबळ असं येतं:

कपाट ६.५ × ३ × १.५, म्हणजे २९. बेड खोलून ३५, गादी १६. फ्रिज ३०, वॉशिंग मशीन १४, टीव्ही खोक्यात ७. सोफा तीन जणांचा ५१ आणि दोन खुर्च्या मिळून ४७, म्हणजे नुसता सोफाच ९८. डायनिंग खोलून २५. देव्हारा आणि टेबल १५. स्कूटर ६ × २.३ × ३.८, म्हणजे ५२. खोकी १८ इंची घेतली तर एक ३.४ घनफुटाचं, ३५ खोक्यांचे ११८. सुटकेसा, बॅटरी, शेगडी, पातेली, बादल्या ३०.

बेरीज ४६९. पण गाडी कधी विटांसारखी गच्च भरत नाही, फटी राहतात. त्यासाठी १० ते १५ टक्के वाढवायचे. १२ टक्के धरले तर ५२५.

आता गाडी. १४ फुटी आयशर आतून साधारण १४ × ६ × ६, म्हणजे ५०४ घनफूट. १७ फुटी १७ × ६ × ६.५ धरली तर ६६३. तुमचं ५२५ सामान १४ फुटीत बसत नाही. स्कूटर काढली तर ४१७, फटी धरून ४६७, मग आरामात बसतं. म्हणजे तुमच्या घरात १४ की १७ याचा निकाल एक स्कूटर लावते. पहिल्याने स्कूटर विचारली होती का? बहुतेक नाही.

न बसलेलं सामान असलं की दोनच गोष्टी होतात. लोडिंगच्या दिवशी "ताई, गाडी लहान पडली, दुसरी मागवतो" म्हणून पाच-सात हजार वाढतात. नाहीतर सोफा वर चढवून दोराने आवळतात. तवंदी घाटाच्या वळणांवर दोर सैल होतो, ताडपत्री फडफडते आणि सोफ्याचं कापड कडेला घासून फाटतं. बॉडी प्रत्येक कारागीर वेगळी बांधतो, तेव्हा "आतलं माप किती" हे विचाराच. उघड्या बॉडीत थोडं वर चढवता येतं, बंद कंटेनरात एक इंचही नाही. मेअखेर वळवाचा भरवसा नाही, बंद बॉडीच मागा.

हिशेबनीस

वरच्यांनी माप सांगितलं, मी ओळी सांगतो. कोटेशन कितीही सुटसुटीत दिसो, त्यात या गोष्टी आहेत की नाहीत ते लेखी विचारा. व्हॉट्सॲपवर "हो" आलं तरी चालेल, फोनवरचं "हो" धरू नका.

अनलोडिंग. सगळ्यात जास्त वाद इथेच होतात. इथले हमाल गाडीबरोबर पुण्याला जात नाहीत, तिकडे दुसरी माणसं घ्यावी लागतात. एका ओळीच्या कोटेशनात ती बहुधा धरलेली नसतात.

मजला. लिफ्ट नसेल तर प्रत्येक मजल्यामागे दर लावतात. लिफ्ट असली तरी कपाट, बेडची पाठ आणि तीन जणांचा सोफा लिफ्टमध्ये मावत नाही, ते जिन्यानेच जातं. पाचव्या मजल्याला हा मुद्दा आत्ताच काढा, तिकडे सोफा खाली ठेवून घासाघीस करण्यात अर्थ नाही.

शटल. कोपऱ्यावरून दारापर्यंत सामान छोट्या हत्तीने किंवा हातगाडीने आणायचं तर त्याचे वेगळे पैसे. टिळकवाडीत निदान कोपरा तरी जवळ असतो. शहापूर, वडगाव, अनगोळच्या जुन्या गल्ल्यांत १४ फुटी आत घालणं म्हणजे भांडणाला आमंत्रण.

खोलणं-जोडणं. बेड, डायनिंग, एसी, वॉल माउंट टीव्ही. बेड खोलणं धरलेलं असतं, तिकडे जोडणं नसतं. एसीचं काम कायम वेगळं, कारण गॅस आत ओढून घेऊन मशीन काढायला मेकॅनिक लागतो.

टोल. बेळगावहून पुण्याला हत्तरगी, कोगनोळी, किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर असे नाके लागतात. या आकाराच्या गाडीला एका बाजूने हजारभर धरा. टोल फास्टॅगमधून गाडीमालकाच्या खात्यावर पडतो, तेव्हा "नंतर पावती बघून द्या" यापेक्षा आकड्यात धरून घेतलेला बरा. परतीचा टोल तुमच्या माथी नको, हेही लिहून घ्या.

हॉल्टिंग. गाडी रात्री निघते, पहाटे पुण्यात पोचते. सोसायटीने दहाच्या आधी सामान आत घेऊ दिलं नाही किंवा रविवारी लिफ्ट बंद ठेवली तर गाडी उभी राहिल्याचे पैसे लागतात. सोसायटीच्या ऑफिसात आधी विचारा. शिफ्टिंगचं डिपॉझिट मागतात तेही तिथेच कळेल.

आणि जे द्यायचंच नाही ते. "बॉर्डर टॅक्स", "जकात", "ई-वे बिल चार्ज" यांपैकी काही दिसलं तर त्यावर काट मारायला सांगा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात, प्रवेशकर त्यात विरले. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागतच नाही, जीएसटी नियम १३८ च्या सवलतीच्या यादीत ते स्पष्ट आहे. परमिट हा गाडीमालकाचा विषय. नॅशनल परमिटची गाडी असेल तर महाराष्ट्रात शिरायला वेगळं काही लागत नाही. गाडी आणि माल मिळून एकूण वजन ३,००० किलोपर्यंतच्या छोट्या गाडीला तर परमिटच लागत नाही. फक्त कर्नाटकाचं परमिट असलेली १७ फुटी कुणी स्वस्तात दिली, तर कोगनोळीच्या पुढे अडकते ती गाडी, पण खोळंबता तुम्ही.

जीएसटीबद्दल. पॅकिंगपासून पोचवण्यापर्यंत सगळं एकत्र घेतलं की बिल १८ टक्क्यांनी येतं. नुसता ट्रक बिल्टीवर, म्हणजे वाहतूकदाराच्या मालपावतीवर, भाड्याने घेतला आणि पॅकिंग-हमाली आपली आपण केली, तर नोंदणी नसलेल्या घरगुती ग्राहकाला त्या भाड्यावर जीएसटी नाही. जीएसटी नंबर १५ अंकी-अक्षरी असतो. कर्नाटकाचा २९ ने सुरू होतो, महाराष्ट्राचा २७ ने. पोर्टलवर टाकला की नाव दिसतं, ते कोटेशनवरच्या नावाशी जुळलं पाहिजे. "कॅश दिलात तर जीएसटी सोडतो" म्हणणारा बिलही सोडतो. मग तक्रार कशाच्या जोरावर करणार? आणि बदलीचा खर्च ऑफिसकडून घ्यायचा असेल तर बिल आणि बिल्टी दोन्ही लागतात.

निपाणीकर

दोन गोष्टी जोडतो.

एक, कोटेशन कुठल्या गावच्या कंपनीचं आहे ते बघा. कोल्हापूरची पार्टी बेळगावला गाडी रिकामी आणणार, ते ११० किलोमीटर ती तुमच्या भाड्यात धरणार. म्हणून बेळगाव शहरातल्यांना इथलीच गाडी परवडते. निपाणी, कोगनोळीकडच्यांचं उलट. आम्हाला कोल्हापूर जवळ, बेळगाव लांब, त्यामुळे कोल्हापूरचा दर कमी पडतो. चिक्कोडी, संकेश्वरवाल्यांनी दोन्हीकडून घ्यावा.

दुसरं, रिटर्न गाडी. पुण्याहून बेळगाव-हुबळीकडे माल टाकून गाड्या परत जातात. त्यांना रिकामं जाण्यापेक्षा काही मिळालेलं बरं, म्हणून भाड्यात चांगलाच फरक पडतो. पण तारीख तुमच्या हातात राहत नाही. आज माल उतरला तर उद्या सकाळी गाडी तयार, नाही उतरला तर परवा. घरमालकाला किल्ली देण्याची तारीख ठरलेली असेल तर या नादाला लागू नका.

मेअखेर आणि महिनाअखेर दोन्ही एकत्र धरलंय तुम्ही, त्या आठवड्यात दर चढलेले असणार. २० तारखेच्या आसपास मधल्या वारी जमलं तर बघा. हा धागा नंतर वाचणाऱ्यांसाठी: बेळगावात गणपतीच्या विसर्जनाला आणि १ नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाला, गाडी ठरवू नका. रस्ते मिरवणुकीला बंद, हमाल मिळत नाहीत, आणि नोव्हेंबरात वातावरण तापलं की दुसऱ्या राज्याच्या पाटीची गाडी आणायला ड्रायव्हर कां-कूं करतात.

टिळकवाडी_दुसरा_मजला

सगळ्यांना विचारून आले. पहिला म्हणतो: जीएसटी वेगळा, टोल आपण द्यायचा, इथल्या जिन्याचे १,५००, कोपऱ्यावरून शटल १,८००, पुण्यात उतरवायला माणसं आपण बघायची, नाहीतर तो ३,००० घेईल. स्कूटर बसणार नाही हेही आत्ता सांगितलं.

दुसरा म्हणतो जिना, शटल, टोल, बेड जोडणं सगळं धरलंय, इन्शुरन्स नको असेल तर काढतो. तिसरा जीएसटी वेगळा म्हणतो आणि सामान पुण्यातल्या गोडाऊनला उतरणार, घरपोच हवं तर ३,५००. दिवस चार ते सात.

हिशेबनीस

मग आता मांडा.

पहिला: १९,००० + १,५०० + १,८०० + टोल १,००० + ३,००० = २६,३००. जीएसटी ४,७३४. एकूण ३१,०३४, आणि स्कूटर इथेच.

दुसरा, इन्शुरन्स काढून: २६,०००, जीएसटी ४,६८०. एकूण ३०,६८०. स्कूटर धरून.

तिसरा: त्याने ४०० घनफूट धरलंय, भरणार ५२५. वरच्या १२५ ला ४५ रुपये, म्हणजे ५,६२५. १२,८०० + ५,६२५ + ५,००० + ३,५०० = २६,९२५. जीएसटी ४,८४६. एकूण ३१,७७१, आणि आठवडाभर सामानाचा पत्ता नाही.

तिघे हजार-अकराशेच्या आत आले. सगळ्यात महाग दिसणारा सगळ्यात स्वस्त निघाला, कारण तो एकटाच घरी येऊन बघून गेला होता. तिसऱ्याच्या कोटेशनात मला खटकतं ते असं: मूळ दर ३२ आणि जादाला ४५. जादा मालाचा दर मूळ दरापेक्षा जास्त ठेवला की माप कमी धरण्यातच कंपनीचा फायदा. शेअरिंग घ्यायचं झालं तर "एकच दर, माप लोडिंगनंतर दोघांसमोर" असं लिहून घ्या.

आता घासाघीस करायची ती दुसऱ्याशी. वाहतुकीचे १५,००० फारसे हलणार नाहीत, त्यात डिझेल आणि ड्रायव्हर आहे. हलतं ते पॅकिंग. कपडे, भांडी, पुस्तकं तुम्ही स्वतः भरलीत आणि त्यांच्याकडे फक्त फर्निचर, काच, मशिनं ठेवलीत तर ६,००० चे ३,५०० व्हायला हरकत नाही. पण एक ध्यानात घ्या, तुम्ही भरलेल्या खोक्यात काही फुटलं तर त्याची जबाबदारी कंपनी घेत नाही. म्हणून क्रोकरी त्यांच्याकडूनच.

पॉलिसीचा_पाठपुरावा

इन्शुरन्स काढून टाकायच्या आधी एवढं वाचा, कारण तो ठेवण्यातही फसगत आहे आणि काढण्यातही.

त्या ४,५०० च्या ओळीला बरेच पॅकर्स "एफओव्ही" म्हणतात, म्हणजे मालाच्या किमतीवर टक्केवारी. ते विम्याचे पैसे असतीलच असं नाही. पॅकर स्वतः विमा देऊ शकत नाही, विमा देते विमा कंपनी. तेव्हा विचारायचं एकच: "माझ्या नावाने विमा कंपनीचं सर्टिफिकेट मिळणार का, नंबरासकट, गाडी सुटायच्या आधी?" हो असेल तर ठेवा. "आमचं रिस्क कव्हर आहे" असं गोल उत्तर आलं तर ते ५,३१० रुपये, जीएसटी धरून, पॅकरच्या शब्दावर ठेवलेत असं समजा.

सर्टिफिकेटवर कलम बघा. रस्त्याच्या मालविम्यात ए, बी, सी असे तीन प्रकार. सी म्हणजे आग आणि वीज, बास. बी मध्ये गाडी उलटणं, धडकणं येतं. चढवता-उतरवताना पडून फुटलं, चोरी झाली, हे ए मध्ये. घरसामानाचं नुकसान जास्त करून जिन्यात होतं, हमरस्त्यावर नव्हे, म्हणून ए नसेल तर पैसे वाया. ए असला तरी बाहेरून ओरखडाही नसलेला फ्रिज चालू झाला नाही तर दावा सहसा फेटाळतात.

किंमत कमी लावून हप्ता वाचवू नका. सामान ३ लाखांचं, लावली दीड लाख, आणि २०,००० चं नुकसान झालं, तर १०,००० च मिळतात. निम्मा विमा, निम्मी भरपाई. यादीत प्रत्येक वस्तूसमोर आजची किंमत लिहा, दहा वर्षांच्या फ्रिजला नव्याचा भाव लावून उपयोग नाही.

विमा घेतला नाही तरी वाहतूकदार मोकळा सुटत नाही. कॅरेज बाय रोड कायदा, २००७ आणि त्याचे २०११ चे नियम यांप्रमाणे, किंमत जाहीर करून जादा दर भरला नसेल तर जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत. म्हणून बिल्टीवर भाडं खरं लिहिलेलं हवं. कर वाचवायला ५,००० लिहिलं की तुमची कमाल भरपाई ५०,००० वर आली. दाव्याआधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि तीही बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत. सहीआधी पोचपावतीवर "कपाटाचा आरसा फुटला, सोफ्याचा पाय मोडला" असं पेनाने लिहा आणि फोटो काढा. "चांगल्या स्थितीत मिळाले" खाली सही केल्यावर भांडायला जागा राहत नाही.

खडेबाजार_गोडाऊन

कोटेशनवर आणखी एक बघा, पॅकिंग कसलं ते. "फुल पॅकिंग" या शब्दाला काही अर्थ नाही. लाकडी वस्तूला आधी फोम किंवा बबल, वर कोरुगेटेड पुठ्ठा, वर स्ट्रेच फिल्म, असे तीन थर मागा. नुसती फिल्म गुंडाळली की फर्निचर चकाचक दिसतं, पण धक्का थेट लाकडाला लागतो. आणि उन्हात फिल्मच्या आत घाम सुटून पॉलिश पांढरं पडतं.

पुस्तकं १८ इंची खोक्यात भरू नका, ते खोकं ४० किलोच्या वर जातं, तळ सुटतो आणि हमाल शिव्या घालतो. पुस्तकांना १२ ते १४ इंची, २० किलोच्या आत. फ्रिज एक दिवस आधी बंद करून पाणी काढा, उभाच न्या, पोचल्यावर तीन-चार तास थांबून मगच चालू करा. इन्व्हर्टरची बॅटरी उभी, टोकांना टेप, आणि गाडीत सगळ्यात शेवटी मागच्या दाराशी. कुणी आडवी टाकली तर ॲसिड गादीवर. दागिने, रोकड, सातबारा-उतारे, दाखले हे गाडीत नाही, पिशवीत आणि पिशवी तुमच्या खांद्याला.

पैसे. ॲडव्हान्स १० टक्के, फार तर २०. लोडिंग झाल्यावर निम्म्यापर्यंत, बाकी उतरवून यादी तपासल्यावर. खातं कंपनीच्या नावाचं हवं, कुणा माणसाच्या नावाचं नको. वेबसाइटवर नंबर टाकला की दहा फोन येतात, त्यातले निम्मे कमिशन एजंट. कोटेशन एकाचं, गाडी दुसऱ्याची, बिल्टी तिसऱ्याची. सामान चढल्यावर "अजून ८,००० द्या, नाहीतर गाडी हलणार नाही" हा प्रकार तिथूनच सुरू होतो. यावर उपाय एकच, सामान चढायच्या आधी बिल्टी हातात घ्यायची: कंपनीचं नाव, गाडी नंबर, ड्रायव्हरचा मोबाइल, नगांची संख्या, दोन्ही पत्ते, ठरलेलं एकूण भाडं. नगाला नंबर घाला, ५४ नग चढले तर ५४ उतरले पाहिजेत.

तरी अडवलंच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहक आयोगात तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे पुण्यात गेल्यावर पुण्यातही. त्यासाठी बेळगावला हेलपाटे नकोत.

टिळकवाडी_दुसरा_मजला

दुसऱ्याशी बोलले. क्रोकरी, काच आणि फर्निचर त्यांचं, बाकी पॅकिंग आमचं, २३,५०० अधिक जीएसटीला आला. विम्याचं सर्टिफिकेट देतो म्हणाला, ए कलम आहे का ते विचारतेय. स्कूटर काढून १४ फुटी घेतली तर आणखी दोन हजार कमी करतो म्हणतो. स्कूटर रेल्वेने टाकणं सोयीचं आहे का? आणि गॅसचं काय करायचं?

आयशर_केए२२

दोन हजारासाठी फार फायद्याचं नाही ताई. रेल्वेने टाकायची तर बेळगाव स्टेशनच्या पार्सल ऑफिसात आरसी आणि ओळखपत्राची झेरॉक्स, पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी, गोणपाट-पुठ्ठ्याने पॅकिंग आपलं आपण, वर पत्त्याची पाटी. भाडं, पॅकिंगवाला आणि पुणे स्टेशनवरून धायरीपर्यंत टेम्पो धरला की वाचलेले दोन हजार तिथेच जातात. शिवाय ती कुठल्या गाडीने चढेल ते जागेवर अवलंबून, आणि वेळेत सोडवली नाही तर उशिराचा दंड. १७ फुटीतच न्या. टाकी तेवढी गाडीतही रिकामीच हवी, आणि हँडल-आरशांना फोम.

पुण्यात १२ महिन्यांच्या वर ठेवणार असाल तर बेळगावच्या (केए २२) आरटीओकडून फॉर्म २८ ची एनओसी आत्ताच काढून घ्या. तिकडे गेल्यावर त्यासाठी परत यावं लागू शकतं. एमएच नंबर पडला की कर्नाटकात भरलेल्या आजीव कराचा उरलेला भाग परत मागता येतो, म्हणून मूळ कर पावती जपून ठेवा.

सिलिंडर कुठलाच पॅकर नेत नाही, नेऊही नये. एजन्सीत सिलिंडर, रेग्युलेटर आणि निळं पुस्तक घेऊन जा, ते ट्रान्सफर व्हाउचर देतील आणि डिपॉझिट परत करतील. धायरीच्या एजन्सीत ते व्हाउचर दाखवलं की जोडणी मिळते, डिपॉझिट मात्र तिथल्या आजच्या दराने भरावं लागतं. शेगडी आणि पाइप न्या, पाइपवरची मुदत बघून.